पत्राचा वाचक, लेखणीचा वाचक

नोकरी गेलेल्या स्तंभलेखकाने काय काय गमावले, याची यादी सहज करता येते. महिन्याचा पगार, कचेरीतले टेबल, ओळखपत्र आणि फोन उचलणाऱ्या साहेबाच्या आवाजातली अदब. एक रकाना मात्र त्या दिवशी रिकामाच ठेवावा लागतो. वाचक गेले की राहिले? मालक म्हणतो, वाचक पत्राचे. उद्या त्या जागी दुसरा कोणी लिहील. लेखक म्हणतो, लोक माझ्यासाठी पत्र उघडत होते. खरे कोण, हे पहिल्या वर्षाची वर्गणी जमा झाल्यावर कळू लागते आणि दुसऱ्या वर्षाची जमा झाल्यावर पक्के होते.

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात या वादाचा निकाल अनेकदा लागला आहे. कधी तो लेखकाच्या बाजूने गेला, कधी पत्राच्या. हे सगळे निकाल शेजारी शेजारी ठेवले की ध्यानात येते ते असे : वाचकाच्या नुसत्या प्रेमावर लेखकाची चूल पेटत नाही. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. मजकूर असा हवा, की तो दुसरीकडे मिळत नाही. वाचकाचे नाव-गाव लेखकाच्या स्वतःच्या वहीत हवे. आणि पैसे आगाऊ आलेले हवेत. यातली एक गोष्ट जरी निसटली, तरी चाहते उरतात आणि पत्र बंद पडते. या तिन्ही गोष्टी दीर्घकाळ एकत्र टिकल्याचे उदाहरण मुंबई-पुण्यात शोधायला जाऊ नये. ते अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, नेवासे तालुक्यातल्या तरवडी गावात आहे. तिथे पोहोचण्याआधी पुण्या-मुंबईचे दोन निकाल पाहून घेऊ.

दोन राजीनामे

पहिला राजीनामा गोपाळ गणेश आगरकरांचा. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला तेव्हापासून ते त्याचे संपादक होते. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तरीही १८८७ च्या ऑक्टोबरात त्यांना ‘केसरी’ सोडावा लागला. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, हा मतभेद सर्वज्ञात आहे. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न होता : पत्राचे मत म्हणजे नेमके कोणाचे मत? चालवणाऱ्या मंडळींतल्या बहुसंख्यांचे, की लिहिणाऱ्याचे? आगरकरांनी आपले उत्तर पुढच्याच वर्षी दिले. १८८८ च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली.

‘केसरी’चे वाचक त्यांच्यामागे गेले का? बहुतेक गेले नाहीत. ‘केसरी’ वाढतच राहिला आणि ‘सुधारक’ मोजक्या लोकांचा राहिला. विरोध इतका होता, की आगरकर जिवंत असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९५ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, ते गेले. पुढे ‘सुधारक’ इतरांच्या हाती काही काळ चालला. आज मात्र त्याचे नाव निघते ते आगरकरांच्या साडेसहा वर्षांतल्या लिखाणामुळेच. संख्येचा निकाल ‘केसरी’च्या बाजूने लागला, हे मान्यच करायला हवे. पण मोजके का होईनात, ‘सुधारक’चे वाचक लेखणीचे होते.

दुसरा राजीनामा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा, आणि त्याचा निकाल उलटा लागला. टिळक मंडालेला गेल्यावर काही काळ ‘केसरी’ सांभाळणारे खाडिलकर ऑगस्ट १९२० मध्ये टिळक वारल्यानंतर तिथून बाहेर पडले. त्यांचा कल गांधींच्या असहकाराकडे होता; ‘केसरी’तल्या इतरांचा नव्हता. १९२१ मध्ये ते मुंबईच्या ‘लोकमान्य’ दैनिकाचे संपादक झाले. तिथे चालकांशी मतभेद होऊन तीही जागा सुटली. दोन पत्रांतून बाहेर पडलेल्या, पन्नाशीला आलेल्या माणसाने काय करावे? ७ मार्च १९२३ रोजी त्यांनी मुंबईत ‘नवाकाळ’ सुरू केला.

हे दैनिक चालले, त्याला कारण आहे. मुंबईत त्या काळी गांधींच्या चळवळीची बाजू मराठीत रोजच्या रोज आणि टिळकांच्या तालमीतल्या भाषेत मांडणारा माणूस हवा होता. तो खाडिलकरांच्या रूपाने आयता हजर होता. शिवाय ‘कीचकवध’ आणि ‘मानापमान’ लिहिणारा हा नाटककार मराठी घरांत ‘केसरी’च्या बाहेरही ओळखीचा होता. त्यांचा वाचक एकाच पत्राच्या दारातून आलेला नव्हता, म्हणून एक दार बंद झाले तरी तो तुटला नाही. १९२९ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा मुलगा यशवंत पुढे आला. नंतर नातू नीलकंठ खाडिलकरांचे अग्रलेख वाचण्यासाठी लोक ‘नवाकाळ’ घेऊ लागले. एका सुटलेल्या नोकरीतून जन्मलेल्या या दैनिकाने शंभरी ओलांडली आहे.

छापखाना आपलाच हवा

पुण्या-मुंबईच्या या दोघांना निदान मागे सोडायला एखादे पत्र होते. बहुजन समाजातल्या लेखकाला तेही नव्हते. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली प्रकरणे सत्यशोधक चळवळीच्याच ‘दीनबंधू’त छापली गेली आणि पुढची थांबली. सरकारवर आणि सावकारावर इतके उघड कोरडे ओढणारा मजकूर छापण्याची धास्ती आपल्या माणसालाही वाटली. स्नेह्याचे पत्र असले तरी ते दुसऱ्याचे पत्र असते, हा धडा सत्यशोधक तिथे शिकले.

‘दीनबंधू’ पुण्यात १८७७ च्या जानेवारीत कृष्णराव भालेकरांनी काढला होता. त्यांना तो पैशांअभावी तीनेक वर्षांत सोडावा लागला आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत नेला. भालेकर पुढेही लिहीत, फिरत, भाषणे करत राहिले. १९१० मध्ये ते वारले. त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरला, त्यांच्या मुलाने नगर जिल्ह्यात एक साप्ताहिक सुरू केले. हा मुलगा पाटलांच्या घरी दत्तक गेला होता, म्हणून त्याचे नाव मुकुंदराव पाटील. साप्ताहिकाचे नाव ‘दीनमित्र’. त्याच घरातल्या गणपतराव पाटलांनी १८८८ मध्ये काढलेल्या मासिकाचेच नाव पुढे चालवले. पहिले अंक आजच्या पाथर्डी तालुक्यातल्या सोमठाण्याहून निघाले आणि मग बिऱ्हाड तरवडीला आले.

तेव्हाची परिस्थिती पाहा. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरातल्या जेमतेम सहा जणांना लिहिता-वाचता येत होते. खेड्यातल्या कुणब्यांत हे प्रमाण आणखी खाली. त्यात १९१० चा प्रेस कायदा नुकताच आला होता. नव्या छापखानेवाल्याकडून ५०० ते २,००० रुपयांचा जामीन मागण्याची मुभा त्याने सरकारला दिली होती. अशा वर्षी, रेल्वेपासून दूरच्या खेड्यातून, शेतकऱ्यांसाठी साप्ताहिक काढायचे म्हणजे शहाण्या माणसाने कानाला खडा लावावा असा धंदा. तो मुकुंदरावांनी १९६७ मध्ये आपला मृत्यू होईपर्यंत, सत्तावन्न वर्षे केला. खेड्यातून निघून इतका काळ टिकलेल्या या साप्ताहिकामुळे ग्रामीण पत्रकारितेचे आद्य पुरुष म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

वाचक कशासाठी थांबले? नगर जिल्ह्याचा मागचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. बघता बघता हे लोण पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या नगरच्या तालुक्यांत पोहोचले. १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा त्यातूनच आला. पण कायदा कागदावर आणि सावकार दारात, ही स्थिती पुढेही राहिली. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती, रोखा सावकाराच्या हाती आणि दोन्ही वाचता न येणारा शेतकरी मधे. त्याच्या रोजच्या जगण्यातला हा जाच शहरी पत्रांना क्वचितच दिसे. मुकुंदरावांनी तो अंकामागून अंक लिहिला. त्यांच्या सदराचे नावच ‘आसुडाचे फटके’.

लिहिण्याची तऱ्हाही त्यांनी वाचक ओळखून निवडली. ‘कुलकर्णी लीलामृत’ आणि ‘शेटजी प्रताप’ या त्यांच्या काव्यांची नावे ऐकताच ‘शिवलीलामृत’ आणि ‘पांडवप्रताप’ आठवतात. गावाला श्रीधराच्या पोथ्यांची सवय होती. एकजण वाचणार आणि पारावर बसलेले वीसजण ऐकणार, ही बैठक शेकडो वर्षांची. मुकुंदरावांनी तीच ओवी घेतली आणि देवांच्या लीलांच्या जागी कुलकर्ण्याच्या लीला बसवल्या. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही हे ‘वाचता’ आले. वर्गणीदारांच्या यादीत एक नाव असे आणि त्यामागे अख्खा पार असे.

मुकुंदराव कोणाचे नोकर नव्हते. शेतीवाडी होती, छापणे हाती होते. म्हणून त्यांना काढून टाकणारे कोणी नव्हते. नोकरी सुटल्यावर लेखक ज्या स्थितीला नाइलाजाने येतो, त्या स्थितीतूनच त्यांनी सुरुवात केली. स्वतंत्र लेखकाला पहिली काही वर्षे तगायला वर्गणीखेरीज दुसरा आधार लागतो, ही गोष्टही तरवडीच्या उदाहरणात झाकायचे कारण नाही. आगरकरांना कॉलेजचा तुटपुंजा पगार होता, खाडिलकरांना नाटके होती, मुकुंदरावांना जमीन.

नावांची वही

खेड्यातला अंक गावोगाव पोहोचायचा तर टपाल लागते. पैसे परत यायचे तरी टपालच. इंग्रज सरकारने १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू केली आणि १८८० मध्ये मनीऑर्डर. मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिताना लेखकांची आणि मतांची चर्चा होते. पण या दोन सोयींवाचून तरवडीसारख्या ठिकाणचे साप्ताहिक संभवलेच नसते. व्ही.पी.ने अंक पाठवला की पोस्टमन दारात पैसे मागतो. पुडके सोडवून घेणारा वर्गणीदार राहतो, परत पाठवणारा जातो. वर्षातून एकदा होणारे हे मतदानच म्हणायचे. त्यात तोंडदेखली वाहवा चालत नाही.

आणि मतदारयादी म्हणजे वर्गणीदारांची वही. दैनिकात लिहिणाऱ्याला आपला वाचक चेहऱ्याने माहीत नसतो. त्याचा पत्ता मालकाच्या वितरण विभागाकडे असतो. नोकरी जाते तेव्हा ती वही मागे राहते. लेखकाचा खरा तोटा पगाराइतकाच हा असतो. वाचकाला कळवायचे कसे, की मी आता इथे नाही, तिथे लिहितो?

या अडचणीतून वाट काढणाऱ्या एका अमेरिकी पत्रकाराची हकीकत बोलकी आहे. आय. एफ. स्टोन हा डाव्या विचारांचा स्तंभलेखक. मॅकार्थीच्या डावेविरोधी मोहिमेच्या काळात अशा माणसाला नोकरी मिळणे अवघड होते. तो ज्यात लिहीत होता ते न्यूयॉर्कचे ‘डेली कंपास’ १९५२ च्या नोव्हेंबरात बंद पडले. स्टोनने काय केले? ‘कंपास’ आणि त्याच्या आधी बुडालेली पत्रे, यांच्या जुन्या वर्गणीदारांच्या याद्या मिळवल्या आणि प्रत्येकाला पत्र पाठवले : मी चार पानांचे साप्ताहिक काढतो आहे, वर्षाची वर्गणी पाच डॉलर. सुमारे ५,३०० लोकांनी होकार दिला. १७ जानेवारी १९५३ रोजी ‘आय. एफ. स्टोन्स वीकली’चा पहिला अंक निघाला. १९७१ अखेर त्याने ते थांबवले, तेव्हा वर्गणीदार ७०,००० च्या आसपास होते.

हे लोक त्याच्या शैलीवर भाळून थांबले असते, तर एवढा काळ टिकले नसते. स्टोनला ऐकायला कमी येई आणि पत्रकार परिषदांत त्याला कोणी विचारत नसे. तो सरकारी कागद वाचत बसे. १९५७ मध्ये अमेरिकेने जमिनीखाली अणुचाचणी केली आणि अणुऊर्जा आयोगाने सांगितले, की तिचे धक्के २०० मैलांपलीकडे नोंदले गेले नाहीत. स्टोनने भूकंपमापन खात्यात जाऊन नोंदी मागवल्या. अलास्कातल्या, २,६०० मैलांवरच्या केंद्रातही धक्का नोंदला गेला होता. चाचण्यांवर बंदी घातली तर चोरी पकडता येणार नाही, हा सरकारचा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडला आणि आयोगाला आपले म्हणणे बदलावे लागले. मोठ्या दैनिकांना दिसले नाही ते चार पानांत मिळते, हे वाचकाला पटले की पाच डॉलर जड वाटत नाहीत. तरवडीचे आणि स्टोनच्या साप्ताहिकाचे सूत्र इथे एकच आहे.

निष्ठा असूनही

आता कडू भाग. मराठीत सर्वात कडवी निष्ठा ज्या वाचकांनी दाखवली, त्यांच्याच पत्रांना पैशांची सर्वाधिक चणचण पडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. त्याची पैसे देऊन दिलेली जाहिरातही ‘केसरी’ने छापली नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्यातले रकानेच्या रकाने बाबासाहेब बिनपगारी स्वतः लिहीत. महाडचा सत्याग्रह ताजा होता आणि अस्पृश्य समाज या पत्राची वाट पाहत होता. तरी १९२९ च्या नोव्हेंबरात ते बंद झाले. वाचक कमी पडले असे झाले नाही. वाचकांकडे वर्गणीपुरते पैसे नव्हते आणि ज्यांच्याकडे होते ते हे पत्र घेणार नव्हते. निष्ठा ताजी होती याचा पुरावा लगेच पुढच्या वर्षी मिळाला : १९३० मध्ये ‘जनता’ निघाले आणि तेच १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ झाले. नाव बदलले, वाचक तेच राहिले.

दुसरी मर्यादा सरकारची. शिवराम महादेव परांजप्यांचा ‘काळ’ १८९८ पासून तरुणांच्या हातोहात फिरे. त्यांची वक्रोक्ती पाठ असणारे वाचक गावोगाव होते. १९०८ मध्ये परांजप्यांना शिक्षा झाली आणि १९१० मध्ये सरकारने दहा हजारांचा जामीन मागितला. हजारो चाहते असलेले पत्र एका नोटिशीने थांबले. वाचक वर्गणी देऊ शकतो. जामीन त्याच्या आवाक्यातला नसतो.

तिसरी मर्यादा खुद्द वाचकाची. ज्याच्या पैशांवर लेखक जगतो, त्याला दुखवायला लेखक कचरू लागतो. मालकाचा एक डोळा चुकवला, तर हजार वर्गणीदारांचे दोन हजार डोळे रोखलेले. टाळी मिळालेलाच मुद्दा पुन्हा लिहावा, वाचकाच्या शत्रूला रोज नवी शिवी द्यावी, हा मोह मोठा असतो. सत्यशोधक पत्रांपुढेही तो होता. कुलकर्ण्याला झोडपणे सोपे. वाचकाला ते आवडतेच. पण भटाशिवाय लग्न लावा, कर्ज काढून जेवणावळी घालू नका, मुलींना शाळेत घाला, ही मागणी वाचकाच्याच घरात शिरणारी होती. असे लिहूनही जो दुसऱ्या वर्षी व्ही.पी. सोडवून घेतो, त्याचीच निष्ठा मोजावी. बाकीची निव्वळ करमणूक.

वही पुन्हा लेखकाच्या हाती

गेल्या काही वर्षांत साधने बदलली आणि जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. पत्रकार रवीश कुमार ३० नोव्हेंबर २०२२ रोजी एनडीटीव्ही या वाहिनीतून बाहेर पडले आणि त्यांचे प्रेक्षक यूट्यूबवर त्यांच्याकडे आले. इंग्रजी जगात २०१७ मध्ये सबस्टॅक नावाची सेवा सुरू झाली. लेखक ईमेलने लेख पाठवतो, वाचक थेट त्याला वर्गणी देतो आणि कंपनी दहा टक्के ठेवते. तिच्यात सर्वांत मोलाची गोष्ट तंत्रज्ञानाची नाही : वाचकांचे पत्ते लेखकाचे राहतात आणि कंपनी सोडताना ते सोबत नेता येतात. यूट्यूबवर तसे होत नाही. तिथे लाखो प्रेक्षक असतात, पण वही पुन्हा दुसऱ्याच्याच कपाटात.

किती वाचक पुरतात? केव्हिन केली या अमेरिकी लेखकाने २००८ मध्ये हिशेब मांडला, की वर्षाला शंभर डॉलर खर्चणारे हजार निष्ठावंत असले तर कलावंताचे भागते. मराठीत आकडे वेगळे येतील, पण पद्धत तीच. वर्षाला पाचशे रुपये देणारे दोन हजार वाचक म्हणजे दहा लाख रुपये. त्यातून छपाई, टपाल किंवा कर वजा करा. एका माणसाचा संसार बेताने चालतो. लाखाचा खप असलेल्या दैनिकाच्या स्तंभलेखकाला दोन हजार हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण त्या लाखातले किती जण खास त्याच्यासाठी पाचशे रुपये मोजतील, हे त्याने कधी तपासलेले नसते.

नोकरी आहे तोवरच ते तपासून पाहणे शहाणपणाचे. वाचकांच्या पत्रांना उत्तर द्यावे, पत्ते जपावेत, पुस्तक काढावे, गावोगाव व्याख्यानाला जावे. खाडिलकरांचा वाचक नाटकगृहातून आला, स्टोनचा बुडालेल्या पत्रांच्या याद्यांतून, मुकुंदरावांचा पारावरून. तिघांनाही तो एकाच मालकाच्या हातून मिळालेला नव्हता.

लेखणीवरची निष्ठा लेखणीबरोबर संपते, हीसुद्धा यातली एक किंमत आहे. मुकुंदराव गेले आणि ‘दीनमित्र’ थांबला. तरवडीत आज त्यांचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात. साप्ताहिक मात्र नाही. ‘नवाकाळ’ टिकला, कारण तो एका घराण्याची संस्था झाला. संस्था झाली की तिला पुन्हा चालक येतात, धोरण येते आणि कधीतरी त्या धोरणाशी न पटणारा एखादा लेखकही येतो. तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्या वाचकाला निवड करावी लागते. समाजमाध्यमावर हळहळ व्यक्त करणे फुकट असते आणि म्हणूनच लेखकाला त्याचा उपयोग नसतो. तरवडीच्या अंकाचे पुडके पोस्टमनकडून सोडवून घेणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागले नाही : आवडता लेखक पुढच्या वर्षीही हवा असेल, तर त्याची वर्गणी या वर्षीच भरावी लागते.